नियम क्रमांक अकरा

रविवार, १ डिसेंबर

मिठू,

तुझी बंदी गेल्या सोमवारी, पंचवीस नोव्हेंबरला संपली. नियमांच्या वहीत तशी नोंद केली आहे. रविवारच्या पत्त्यांना तू आता बसू शकतेस. हे कळवणं माझं काम, म्हणून हे पत्र. फोनवरच सांगितलं असतं, पण माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या आईचा उचलतेस, हे मला माहीत आहे. तिच्या फोनवरून बोलणं मला पटत नाही.

मागाहून घोळ नको म्हणून तो प्रकार जसा घडला तसा लिहून ठेवतो. पंचवीस ऑगस्ट, रविवार, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. बदाम-सात चाललं होतं. तुझे आजोबा, तू, तुझी आई, आत्या आणि मी. आजोबा "पास" म्हणाले. तू गुडघ्यानं त्यांच्या गुडघ्याला दोनदा टोकलंस. लगेच "थांबा, थांबा" म्हणत त्यांनी हातातलं डावीकडून दुसरं पान टाकलं. किलवरची अठ्ठी. पान असताना पास म्हणायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. असं त्या संध्याकाळी चार वेळा झालं. तीन वेळा मी गप्प बसलो. चौथ्या वेळी पानं पालथी ठेवली आणि वही आणायला उठलो. नियम क्रमांक अकरा : खुणा करणाऱ्यास तीन महिने खेळबंदी. हा नियम झाला तेव्हा तू सहावीत होतीस आणि खाली तुझीही सही आहे. तेव्हा आत्या खोकून खुणा करायची.

तू काही बोलली नाहीस. आजोबाही बोलले नाहीत. बोलला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. मग आठवड्याच्या आत तू ती लांबची नोकरी घेतलीस, जी नाकारायचं तुझं जवळजवळ ठरलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध तुझी आई लावते. मी लावत नाही.

इकडचं म्हणजे पत्ते बंद आहेत. खरं तर चौघांत बदाम-सात जास्त नेटकं होतं, प्रत्येकी तेरा पानं, एकही उरत नाही. पण आजोबा बसत नाहीत. सिनेमाही बंद. महिन्याचा दुसरा रविवार, साडेतीनचा खेळ, एच रांग, ही पद्धत मी एकोणीस वर्षं चालवली, ती सप्टेंबरपासून मोडली. आजोबा म्हणतात गुडघे दुखतात. जिना चढताना दुखत नाहीत, सिनेमा म्हटलं की दुखतात.

काल आत्या येऊन गेली. म्हणाली, "दादा, बंदी नेमकी कुणाला घातलीस रे? मला तर अख्खं घरच गप्प बसवलेलं दिसतंय." तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

आईची तब्येत ठीक आहे.

बाबा


मंगळवार, १० डिसेंबर

मिठू,

आजोबांना परवा सिनेमाला नेलं. जरा आवाज चढवावा लागला. तुझी आई आली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघं जा, मला त्यात ओढू नका."

आजोबा माझ्या उजवीकडे. दहा मिनिटं झाली असतील, त्यांनी विचारलं, "कोण आलं?" मी म्हटलं, "बघा ना, समोरच तर आहे." थोड्या वेळानं पुन्हा, "आता का हसले सगळे?" मला वाटलं, कान गेले. मग लक्षात आलं, मी कुजबुजून दिलेलं उत्तर त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

इंटरव्हलला बाहेर आलो. पायऱ्यांजवळ पुठ्ठ्याचा एक माणूस उभा केलेला असतो, नव्या सिनेमाच्या जाहिरातीचा. आजोबा त्याच्यासमोर थांबले, बाजूला सरले आणि हात पुढे करून म्हणाले, "या, आधी तुम्ही." पुठ्ठा काही पुढे येईना. ते तसेच थांबले. मागच्या बाईनं तोंडाला रुमाल लावला. मी त्यांचा दंड धरून त्यांना पाणी प्यायला नेलं.

तुला माझं काम ठाऊक आहे. वजनकाटा नीट चालतो की नाही हे काट्याला विचारून कळत नाही. मी आठवीत शाळा सोडली. काटे उघडून उघडून शिकलो, आणि आज मोठ्या गोदामातले डिग्रीवाले मला बोलावतात, ते एवढ्याचसाठी की मी माहीत असलेलं वजन ठेवून बघतो. घरी आल्यावर पत्त्यांचा जोड काढला. चौकटची सत्ती त्यांच्यापुढे दोन हात अंतरावर धरली. "कुठलं पान?" ते मान तिरकी करून बघत राहिले. ही मान तिरकी करण्याची सवय, मी तिला दोन वर्षं शेजाऱ्याच्या पानांत डोकावणं समजत होतो. "राजा असेल," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "ठेव ते. किती छळशील?"

काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, म्हणून ते जिना चढतात, खुर्ची चुकवतात. नजर जिथे रोखावी तिथलंच दिसत नाही. चेहरे नाहीत, आकडे नाहीत. दोन वर्षं तरी झाली असावीत, बाई म्हणाल्या. मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "यांच्या प्रकारात फारसा फरक पडला नसता." हे तुझ्या बाजूचं आहे म्हणून कळवतो.

कारण बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "मिठूला ठाऊक होतं."

एवढंच म्हणाले आणि रिक्षा शोधायला लागले, जी समोर उभी होती.

बाबा


गुरुवार, १६ जानेवारी

मिठू,

महिनाभर लिहिलं नाही. काम होतं. धान्याच्या गोदामातला पाच टनांचा काटा बिघडला होता.

हे खरं कारण नाही. काटा दोन दिवसांत झाला.

मला तुझा राग आला होता, तो लिहून टाकतो. दोन वर्षं एका घरात राहून माझ्यापासून ही गोष्ट लपवली. आजोबांनी शिलाई मशीन बंद केली तेव्हा "हात थरथरतात" म्हणून सांगितलं. मी त्यांचे हात तपासले, थरथरत नव्हते, तरी मानलं. तू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लागलीस. मला वाटलं, नोकरीच्या मुलाखतीसाठी उच्चार सुधारते आहे. सिनेमात तू सतत कुजबुजायचीस, म्हणून दोनदा मी तुला उठवून माझ्या डावीकडे बसवलं आणि मध्ये स्वतः बसलो. ते दोन सिनेमे आजोबांनी नुसतेच ऐकले असणार. कुठले दोन, हेही मला आठवतं.

मी आजोबांना विचारलं, "मला का नाही सांगितलंत, अप्पा?"

ते शर्टाला बटण लावत होते. अजून लावतात, बोटांनी. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू वहीत नियम केला असतास."

"कसला नियम?"

"मला काय माहीत? अप्पांनी अमुक ठिकाणी बसावं, तमुक ठिकाणी जाऊ नये, पत्ते खेळू नयेत. तू चांगल्यासाठीच केला असतास, ते काही मी नाही म्हणत नाही. पोरीला मी शपथ घातली होती. तिनं पाळली. तू तिला सगळ्यांसमोर लबाड म्हणालास तेव्हाही पाळली."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

यावर त्यांनी दोरा दातानं तोडला. "लाज वाटली रे," ते म्हणाले. "एवढंच. मला माझी लाज वाटली आणि शिक्षा पोरीला झाली. आता तूच सांग तुझ्या वहीत याला काय आहे."

वहीत याला काही नाही.

परवाच्या रविवारी, बारा तारखेला, आम्ही पुन्हा सिनेमाला गेलो. मी ठरवलं, मिठू सांगते तर मीही सांगू शकतो. यात न जमण्यासारखं काय आहे? मी सुरुवात केली. "खोली. अंदाजे बारा बाय दहा. डावीकडे खिडकी, दोन झडपांची, एक बंद. टेबलावर तीन पेले, एक रिकामा."

"माणसं आहेत का?"

"दोन. बाई अंदाजे पस्तीस, निळी साडी. पुरुष चाळीस-बेचाळीस."

"ती रडतेय का?"

"एका बाजूनं दिसतेय. सांगता येत नाही."

"अरे, मग पेले कशाला मोजत बसलायस?"

मागून कुणीतरी "शू" केलं. मी आवाज कमी केला, तर आजोबांना ऐकू येईना. वाढवला, तर समोरचा वळला. शेवटी बॅटरीवाला आला आणि त्यानं उजेड थेट माझ्या तोंडावर मारला. बोलणाऱ्या प्रेक्षकांविरुद्ध त्याच थिएटरच्या तक्रारवहीत माझ्या हातच्या सात तक्रारी आहेत. त्यानं मला ओळखलं. "तुम्ही, साहेब?" एवढंच म्हणाला.

बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. माप चोख होतं. गोष्ट तेवढी कळली नाही."

मी तुला विचारायला हे लिहितो आहे, की तू नेमकं काय सांगतेस? कशाच्या आधी काय? काही पद्धत असेल तर लिहून पाठव. मी शिकतो. आजवर जे शिकलो ते असंच शिकलो.

बाबा


सोमवार, २७ जानेवारी

मिठू,

तुझं उत्तर आलं नाही. ते येईल असं धरून मी चाललो नव्हतो.

काल संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना बोलावलं. आजोबा, तुझी आई, आत्या. वही काढली आणि पंचवीस ऑगस्टची नोंद मोठ्यानं वाचली. मग खाली लिहिलं ते वाचलं : ही बंदी चुकीची होती. चूक नोंद करणाऱ्याची. नोंद करणाऱ्यानं खूण पाहिली, ती कशासाठी आहे हे पाहिलं नाही. खाली सही केली, तारीख घातली.

तुझी आई उठून आत गेली. आत्या म्हणाली, "दादा, तू तिची माफी मागतोयस की वहीची?"

मी म्हणालो, "जे चुकलं ते जिथे चुकलं तिथेच दुरुस्त करायचं असतं."

"चुकलं इथे," आत्या म्हणाली आणि तुझ्या खुर्चीवर हात आपटला. "वहीत नाही."

आजोबा म्हणाले, "अगं, त्याला एवढं जमलं हेच पुष्कळ. माझ्यानं नसतं झालं असं सगळ्यांसमोर."

आत्याचं म्हणणं मी रात्रभर बाजूला ठेवलं आणि सकाळी पुन्हा काढलं. म्हणून आता वहीबाहेर लिहितो. मी तुला सगळ्यांसमोर लबाड म्हणालो. तू लबाड नव्हतीस. त्या खोलीत त्या संध्याकाळी धड वागणारी तू एकटीच होतीस. हे मला तुझ्यासमोर म्हणता येईल की नाही, सांगता येत नाही. लिहिता आलं.

सोबत तिकीट आहे. नऊ फेब्रुवारी, साडेतीन, एच चौदा. आजोबा एच तेरा, मी बारा. तुझ्या आणि माझ्या मध्ये ते. तू नाही आलीस तर ती खुर्ची रिकामी राहील, आजोबांना मी तुझ्याबद्दल काही बोललेलो नाही. म्हणजे त्यांची निराशा व्हायचा प्रश्न नाही. माझी व्हायची तर होईल.

बाबा


मंगळवार, ११ फेब्रुवारी

मिठू,

तू संध्याकाळच्या बसनं परत गेलीस. नंतर घरी जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. ते तुला माहीत असणं गरजेचं आहे. का, ते शेवटी कळेल.

तू दिवे गेल्यावर आलीस. मी तीन पस्तीसला आशा सोडली होती. अंधारात कुणीतरी रांगेतून पाय चुकवत आलं आणि आजोबा एकदम ताठ बसले. तू अजून बसली नव्हतीस, बोलली नव्हतीस. त्यांनी कशावरून ओळखलं, मला माहीत नाही.

"सरका जरा, म्हातारबा," तू म्हणालीस. "दोन खुर्च्या अडवून बसलाय."

"उशीर केलास. दोन माणसं आली आणि गेली. एकाचाही पत्ता नाही मला."

"कुणी सांगितलं नाही?"

"सांगणारा आहे एक. तो आधी खिडक्या मोजतो."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पण हसलीस. ते मी ऐकलं.

मग पावणेदोन तास मी सिनेमा पाहिला नाही. तू काय सांगतेस ते ऐकलं. तू पुरतं काहीच सांगत नाहीस. पात्रांना नावं ठेवतेस. "हा आला तुमचा बोकडदाढी. शर्ट उलटा घातलाय मेल्यानं." "ही आता चिडलीय, पण दाखवत नाहीये. तुमच्या लेकासारखी." पाच-सहा शब्द, मग गप्प. जिथे माणसं बोलतात तिथे तू एक अक्षर बोलत नाहीस. जिथे पडद्यावरचं कुणी बोलत नाही, तिथेच बोलतेस. पद्धत म्हणतात ती हीच असेल तर ती मला समजली. जमणार नाही.

आता शेवटाबद्दल. म्हातारा नावाडी गाव सोडून निघतो. सहा मिनिटं कुणी बोलत नाही, पाण्याचा आणि वल्ह्याचा आवाज तेवढा. त्याचा कुत्रा काठावर बसलेला. आजोबांनी तुझा हात धरला आणि विचारलं, "कुत्रा?"

तू म्हणालीस, "धावला... पाण्यात पडला... चढला. चढला नावेत."

आजोबांनी टाळी वाजवली. थिएटरमध्ये एकट्यांनी. लोक वळून बघायला लागले, कारण पडद्यावर कुत्रा जागचा हलला नव्हता. नाव लांब जात होती आणि तो काठावर ठिपक्याएवढा होईपर्यंत बसून होता. मी तोंड उघडलं. तू आजोबांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलंस. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी तोंड मिटलं.

बसस्टॉपवर तू विचारलंस, "बाबा, तुम्ही त्यांना सांगणार?"

मी म्हणालो, "पडद्यावर काय झालं ते मी पाहिलं आहे."

हे उत्तर नव्हतं. तू बसमध्ये चढलीस आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसलीस. बस वळेपर्यंत मी उभा होतो. तुला वाटलं असेल, घरी जाऊन मी वही काढणार. वाटणं साहजिक आहे.

घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. आत्या येऊन बसली होती. आजोबा आल्या आल्या सुरू झाले. पहिल्यापासून सगळा सिनेमा सांगितला, बोकडदाढीसकट. तुझी आई भाजी चिरायची थांबून ऐकत होती. असं बोलताना मी त्यांना ऑगस्टपासून पाहिलं नव्हतं. शेवट आला. "आणि कुत्रा पाण्यात उडी मारून नावेत चढला!"

आत्या म्हणाली, "कुठला चढतोय! अप्पा, मी गुरुवारीच पाहिला हा सिनेमा, ऑफिसातल्या बायकांबरोबर. चढत नाही म्हणून तर आम्ही रडलो. माझा रुमाल भिजला त्या कुत्र्यापायी!"

"चढला," आजोबा म्हणाले. पण आवाज खाली आला होता. त्यांची मान तिरकी झाली, माझ्या बाजूला.

"दादाला विचारा की. दादा, सांग. तू काही चुकायचा नाहीस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या घरात काही अडलं की माझ्याकडे बघतात. ती सवय मीच लावली आहे.

मी म्हणालो, "चढला."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "दादा, मी याच डोळ्यांनी पाहिलं."

"मीही पाहिलं. चढला."

"मग तुझे डोळे बघून घे एकदा. अप्पांचं तुझ्यात आलं असेल. हसू नकोस वहिनी, हे घराण्यातून येतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात." तिनं तिथूनच फोन लावला आणि शनिवारी सकाळी अकराची वेळ माझ्या नावानं घेऊन टाकली. मी जाणार आहे. नाही गेलो तर तिला संशय येईल. कालपासून तिनं दोघा-तिघांना सांगितलंय की दादाला आता कमी दिसतं. त्यातला एक माझं गिऱ्हाईक आहे.

ती गेल्यावर आजोबा माझ्या खोलीत आले. मी काटे तपासायची प्रमाणवजनं फडक्यानं पुसत होतो. पलंगावर बसले. म्हणाले, "मिठूनं पडला, चढला एवढंच सांगितलं. कसा चढला रे?"

मी म्हणालो, "ती तुमच्याकडे वळून बोलत होती, तिला नीट दिसलं नसेल. पहिल्या उडीत पुढचे पाय नावेच्या काठाला लागले, मागचे पाण्यातच राहिले. घसरला. मग नावाड्यानं उजवं वल्हं सोडलं आणि त्याला मानेला धरलं. दुसऱ्या उडीत डाव्या बाजूनं वर आला. आल्यावर अंग झाडलं."

आजोबा ऐकत होते. "म्हणजे म्हातारा भिजला असेल."

"छातीपर्यंत."

"आणि रागावला?"

मी विचार केला. "नाही," म्हणालो. "रागावल्यासारखं केलं."

त्यावर ते बराच वेळ हसले आणि झोपायला गेले. त्यांना खरं काय ते ठाऊक आहे का, हे मी तपासलेलं नाही. तपासणार नाही.

नऊ मार्चची तिकिटं शुक्रवारी सुटतात. तीन काढतो आहे. तू यावंस असं मला वाटतं, हे यावेळी सरळ लिहितो. आणि आलीस तर ध्यानात ठेव, ते तुलाही विचारतील. दुसरी उडी, डावी बाजू. माझ्यापेक्षा वेगळं सांगू नकोस.

बाबा